वाटेवरची दुरुस्ती

आमच्या गावच्या घराच्या पडवीत बाबांची बुलेट मोटारसायकल उभी असते. १९७८ सालची ही गाडी बाबांनी १९८५ मध्ये जुनी म्हणून विकत घेतली. वाडीतली फुले आणि भाजी पहाटेच्या लोकलसाठी वसई रोड स्थानकावर वेळेत पोहोचावी, एवढाच तिचा उपयोग. दोन्ही अंगांना टोपल्या, मध्ये बाबा आणि पुढे टाकीवर माझा सहा वर्षांचा धाकटा भाऊ, अशी ती वरात काळोखातच निघे. पुढच्याच वर्षी मी सेमिनरीत गेलो. त्यामुळे बाबा आणि बुलेट ही दोन्ही खऱ्या अर्थाने धाकट्याच्याच वाट्याला आली.

१९९४ च्या अखेरीस जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. दर दहा वर्षांनी येणाऱ्या या सोहळ्याला बाबा एका मित्राला मागे बसवून याच गाडीवरून गेले. वाटेत चार रात्री त्यांनी ताडपत्रीच्या तंबूत काढल्या. परत आले ते एक शब्द देऊन : पुढच्या वेळी आपल्या दोन्ही पोरांना घेऊन असेच जायचे. २००४ मध्ये मी शिक्षणासाठी दूर होतो. २०१४ मध्ये सारी तयारी झाली होती. भावाने इंजिन उघडून बसवले होते, बाबांनी नवा तंबू आणला होता. निघायच्या दोन दिवस आधी मी दूरध्वनी करून सांगितले, की धर्मग्रामात एक महत्त्वाची सभा आहे, मला येता येणार नाही. ती सभा कशाविषयी होती, हे आज मला आठवत नाही. पुढच्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. चार वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. २०१९ मध्ये प्रभूने त्यांना आपल्याकडे नेले.

बाबांच्या दफनविधीनंतर आमच्या घरात एक लहानसा बदल झाला. बाहेरच्या माणसाच्या तो ध्यानातही आला नसता. तोपर्यंत भाऊ मला ‘दादा, तू’ असे म्हणत असे. त्या दिवसापासून तो मला ‘फादर, तुम्ही’ म्हणू लागला. लोकांना वाटले, वयाबरोबर त्याला माझ्या वस्त्रांचा मान कळू लागला. मला मात्र घरात पाऊल टाकले की पाहुणा आल्यासारखे वाटे. कारण काय, हे मी त्याला विचारले नाही. प्रायश्चित्त संस्कारासाठी माझ्यापुढे गुडघे टेकणाऱ्या शेकडो माणसांना मी नेमके प्रश्न विचारले असतील. सख्ख्या भावाला एक प्रश्न विचारायला मला पाच वर्षे धीर झाला नाही.

२०२४ मध्ये पुन्हा तो सोहळा आला. २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी असा त्याचा काळ होता. आईने आम्हा दोघांना समोर बसवले. ती एक्याऐंशी वर्षांची आहे आणि आता फार बोलत नाही. ती म्हणाली, “गाडी चालते. तुम्ही दोघे जिवंत आहात. मग अडचण कसली?” यावर देवज्ञान शिकलेल्या माणसापाशीही उत्तर नव्हते.

ख्रिस्तराजाचा सण रविवारी, २४ नोव्हेंबरला होता. पुढचा रविवार आगमनकाळाचा पहिला. मधले पाच दिवस मी साहाय्यक धर्मगुरूंच्या हवाली केले आणि सोमवारी पहाटे आम्ही निघालो. पाठीमागे तंबू, दोन पथाऱ्या, स्टोव्ह, एक पातेले आणि भावाची हत्यारांची जुनी खाकी पिशवी. त्याने ती मला उचलू दिली नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे ६०० किलोमीटरचा पल्ला होता. अटल सेतूवर दुचाकींना मज्जाव, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. बोटीवर भाऊ गाडीपाशी उभा राहिला आणि मी कठड्यापाशी जपमाळ करीत राहिलो. सहप्रवाशांना आम्ही एकमेकांचे कुणी आहोत, असे वाटले नसावे.

अलिबाग सोडल्यावर गाडी चालवण्याची पाळी माझी होती. आमच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी आहे. आजच्या गाड्यांच्या हे नेमके उलट. धर्मग्रामातल्या स्कूटरवर वीस वर्षे काढलेल्या माझ्या पायांना ही गोष्ट तोंडपाठ होती, पण अंगवळणी पडलेली नव्हती. रेवदंड्याच्या बाजारात समोरून एस.टी. आली आणि मी ब्रेक समजून गिअर दाबला, घाबरून क्लच असा काही आवळला की त्याची वायर तटकन तुटली. गाडी थांबली ती एका मासळीवालीच्या टोपलीपासून वीतभर अंतरावर. ती बाई जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, “मासे घ्यायचे असतील तर उतरून घे, बाबा.”

भावाने काही न बोलता गाडी कडेला घेतली. मी वायर कुठे मिळेल याची चौकशी करायला निघालो, तर त्याने हाक मारून थांबवले. जुन्या वायरीच्या बाजूलाच, तिला जागोजागी चिकटपट्टीने बांधून, त्याने दुसरी नवी वायर आधीच ओढून ठेवली होती. दोन टोके सोडवायची आणि दोन टोके अडकवायची, एवढेच काम उरले होते. पंधरा मिनिटांत गाडी सुरू झाली. “ही युक्ती कुणाची?” मी विचारले. “बाबांची,” तो म्हणाला, “तुटणार हे ठाऊक असतं, फक्त केव्हा ते ठाऊक नसतं.” त्यानंतर त्याने गाडी स्वतःकडे घेतली. मीही आग्रह केला नाही.

पहिला मुक्काम कोर्लईला केला. कुंडलिकेच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या या गावात आपले ख्रिस्ती बांधव पोर्तुगीजमिश्रित एक वेगळीच बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगिजांनी हा मुलूख सोडला. किल्ला ओस पडला, पण स्वयंपाकघरातली भाषा राहिली. कार्मेलमाऊलीच्या चर्चजवळ परवानगी घेऊन आम्ही तंबू ठोकला. शेजारच्या घरातल्या आजीने गरम पाणी आणून दिले आणि नातवंडांवर त्या बोलीत ओरडली. शब्द कळले नाहीत, पण ओरडणे अगदी आपल्या आजीसारखेच होते.

रात्री तंबूत मला वाटले, हीच वेळ आहे. मी म्हणालो, “हे बघ, माझं कधी काही चुकलं असेल, तर मला क्षमा कर.” काळोखात थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “फादर, तुम्ही झोपा. उद्या घाट आहेत.” मला त्याचा राग आला. एक धर्मगुरू, शिवाय थोरला भाऊ, आपणहून क्षमा मागतो आहे आणि याला झोप महत्त्वाची!

दुसऱ्या दिवशी मुरुड मागे टाकून आगरदांड्याला फेरीबोट धरली आणि खाडीपलीकडे दिघीला उतरलो. तेथून दिवेआगरकडे जाताना चढणीवर गाडी मागून वाकडीतिकडी चालू लागली. एक गंजका खिळा मागच्या टायरमध्ये मुळापर्यंत घुसला होता. आसपास घर नाही, दुकान नाही. भावाने सामान उतरवले, गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचे चाक काढले आणि टायरखालून ट्यूब बाहेर ओढली. रस्त्याकडेच्या पऱ्याला नोव्हेंबरातही घोटाभर पाणी होते. हवा भरलेली ट्यूब त्या पाण्यात धरून त्याने ती इंचाइंचाने फिरवली. एके ठिकाणी बुडबुडे आले. तेथे त्याने पेन्सिलीने फुली केली.

आपण काहीतरी करावे म्हणून मी सोल्युशनची नळी उघडली. त्याने ती माझ्या हातातून घेतली. आधी छिद्राभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासली, इतकी की रबराची चकाकी पार गेली. मग सोल्युशनचा पातळ हात दिला आणि ट्यूब मांडीवर ठेवून तो स्वस्थ बसला. “आता लाव की पॅच,” मी म्हणालो. “सुकू दे. ओल्यावर पॅच बसत नाही. बसल्यासारखा वाटतो आणि दोन मैलांवर सुटतो,” तो म्हणाला. आम्ही पाच-सात मिनिटे तसेच बसलो. पऱ्याच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. त्या पाच मिनिटांत काल रात्रीची माझी क्षमायाचना मला नीट ऐकू आली. ‘चुकलं असेल तर’! पापनिवेदनाला आलेला माणूस ‘पाप झालं असेल तर’ असे म्हणू लागला, की मी त्याला थांबवतो. काय झाले ते सांगा, म्हणतो. आणि मी स्वतः न घासलेल्या जागेवर ओला पॅच थापून मोकळा झालो होतो.

हे सुचले, तरी माझी घाई काही कमी झाली नाही. टायर परत बसवताना मी हौसेने एक लिव्हर हातात घेतला आणि नको तेवढा आत घातला. चाक बसले, पायपंपाने हवा भरली, आणि समाधानाने कपाळ पुसतो तोच हवा सुस्कारत बाहेर आली. लिव्हरखाली चिमटून मी ट्यूबला दुसरे छिद्र पाडले होते! पुन्हा चाक, पुन्हा पऱ्या, पुन्हा पेन्सिलीची फुली. या वेळी भावाने मला फक्त नट सांभाळायचे काम दिले. एका ओंजळीत पाच-सहा नट घेऊन मी दगडावर बसलो. मदतीचा हेतू शुद्ध असला म्हणजे इजा होत नाही, हा माझा समज त्या दगडावर निकालात निघाला. त्या संध्याकाळी बागमांडल्याची फेरी ओलांडून, वेसवीमार्गे केळशीला पोहोचायला काळोख झाला. माडांखाली तंबू उभारताना तो प्रथमच हसला. कशाला, ते मी विचारले नाही.

खरा प्रसंग तिसऱ्या दिवशी आला. दापोलीवरून दाभोळ, तेथून फेरीने धोपावे, मग गुहागर असा तो दिवस बरा गेला. आम्हाला संध्याकाळपूर्वी तवसाळ गाठून शेवटच्या फेरीने जयगडला उतरायचे होते. हेदवी मागे पडल्यावर गाडी अडखळू लागली. इंजिन तापले की ती फटफट करी, मध्येच ठसका देई आणि बंद पडे. थोडी थंड झाली की पुन्हा सुरू होई. भावाने प्लग काढून काजळी पुसली, पेट्रोलची नळी पाहिली, पॉइंटचे झाकण उघडून पॉइंट घासले. दोन किलोमीटर चालून ती पुन्हा मेली, ती मेलीच. शेवटची चढण आम्ही ढकलत पार केली. दोन माणसे, सामान आणि ते अवजड धूड! माझ्या छातीत धाप मावेना. पुढे खाडीपर्यंत उतार होता म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, दिव्याविना, आम्ही तवसाळच्या धक्क्यावर पोहोचलो. फेरी गेली होती. पलीकडे जयगडच्या बंदराचे दिवे पाण्यात हलत होते.

तेव्हा मी जे बोललो ते आज लिहितानाही बोटे अडखळतात. मी म्हणालो, “निघण्यापूर्वी गाडी नीट तपासायला हवी होती.”

त्याने हातातला पाना खाली ठेवला. आवाज न चढवता तो म्हणाला, “तपासली होती, फादर. दहा वर्षं मीच तपासतो आहे. गाडीही आणि माणसंही. तुम्ही यायचे, बघायचे, आणि चर्चमध्ये उभे राहून ‘आम्ही’ म्हणायचे.”

मला क्षणभर अर्थ लागला नाही. मग आठवले. बाबांच्या दफनविधीच्या मिस्सात प्रवचन मीच केले होते. चर्च भरलेले होते. मी म्हणालो होतो, “आम्ही मुलांनी चार वर्षे बाबांची सेवा केली, त्यांच्या उशाशी रात्री जागवल्या.” लोकांनी डोळे टिपले. नंतर कितीतरी जण म्हणाले, फादर, असे मुलगे देव सर्वांना देवो.

आता तो बोलू लागला आणि मी ऐकत राहिलो. दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवावे लागे, रात्रीसुद्धा. नाहीतर पाठीला जखमा होत. त्या जखमा धुणे, भरवताना घास छातीत जाणार नाही हे पाहणे, अंथरुण बदलणे, हे सारे त्याने आणि त्याच्या बायकोने केले. वसई पूर्वेला त्याचा लेथ मशीनचा छोटा गाळा होता. वेळेवर माल देता येईना म्हणून गिऱ्हाइके तुटली आणि तिसऱ्या वर्षी त्याने तो विकला. हे मला ठाऊक होते. म्हणजे, गाळा विकला एवढे ठाऊक होते. मी दर सोमवारी घरी जात असे. फळे नेई, प्रार्थना करी, बाबांना कम्युनियन देई आणि तासाभरात निघे. त्या रात्री धक्क्यावर मी मनाशी हिशेब केला. चार वर्षांचे २०८ सोमवार. एकही चुकला नाही असे धरले, तरी २०८ तास; म्हणजे पुरते नऊ दिवसही नाहीत. त्या नऊ दिवसांच्या बळावर मी चार वर्षांवर ‘आम्ही’ म्हणून सही केली होती.

“त्या शब्दानं माझी चार वर्षं पुसली गेली,” तो म्हणाला, “पैशाचं काही नाही. बाबांचंही काही नाही, ते माझे होते. पण तू, तू तरी...” तो तेथेच थांबला. रागाच्या भरात ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले होते, हे त्याच्या लक्षात आले नसावे.

मी म्हणालो, “ते खोटं होतं. सेवा तू केलीस. मी केली नाही. आणि २०१४ ला मी आलो असतो, तर बाबा गोव्याला पोहोचले असते.” यात ‘असेल तर’ कोठेही नव्हते. तो काही बोलला नाही. मीही पुढे काही जोडले नाही. ओल्यावर पॅच बसत नाही, हे कालच शिकलो होतो. आम्ही चटणी-भाकर खाल्ली आणि धक्क्याच्या वरच्या अंगाला तंबूत आडवे झालो.

मला झोप आली नाही. येरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या त्या जखमी माणसाचा दाखला मनात घोळत राहिला. तीस वर्षांत मी त्यावर कितीतरी प्रवचने केली आहेत आणि प्रत्येक वेळी श्रोत्यांना सांगितले आहे, की दयाळू शोमरोनी व्हा. आपण शोमरोनी असू किंवा होऊ शकतो, असे मी नेहमी गृहीत धरले. पण त्या दाखल्यात एक याजकही आहे. तो दुष्ट नव्हता. बहुधा घाईत होता, त्याचीही कुठेतरी सभा असेल. तो पाहतो आणि बाजूने निघून जातो. आणि वाटेवर पडलेला तो माणूसही आहे, ज्याला कुणाची मदत घ्यावी हे निवडण्याचा अधिकार उरलेला नाही. त्या रात्री या दोन्ही जागा माझ्याच होत्या.

सकाळी मासेमारीच्या बोटींची इंजिने दुरुस्त करणारा एक मिस्त्री धक्क्यावर आला. पन्नाशीचा, अंगाने बारीक, कानावर विडी. त्याने आम्ही कोण, कुठले, हे विचारले नाही. “गाडी कुणाची?” एवढेच विचारले.

भाऊ म्हणाला, “आमच्या बाबांची.”

मराठीत एकटा माणूसही ‘आमचे बाबा’ असेच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. तरीही मी खाडीकडे तोंड फिरवले, कारण डोळ्यांत पाणी आले होते.

मिस्त्रीने पॉइंट उघडले, भावाला किक मारायला सांगितली आणि वाकून पाहिले. पॉइंटच्या मध्ये निळसर ठिणगी उडत होती. “कंडेन्सर गेला,” तो म्हणाला. बोटाच्या पेराएवढी ती डबी मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. तिचे काम काय, हे त्याने मला समजावले. पॉइंट उघडतात तेव्हा तेथे जी ठिणगी उडू पाहते ती ही डबी पोटात घेते. तिने ती घेतली नाही, तर पॉइंट जळतात आणि जेथे ठिणगी हवी त्या प्लगपाशी ती दुबळी पडते. “गाडी चालते तोवर ही आहे हे कुणाला कळत नाही,” तो म्हणाला, “तापून तापून मरते, तेव्हा कळतं.” मी भावाकडे पाहिले. तो प्लग पुसण्यात गढला होता.

बुलेटचा कंडेन्सर त्या गावात मिळणे शक्य नव्हते. मिस्त्री घरी जाऊन एका जुन्या बजाज स्कूटरचा कंडेन्सर घेऊन आला. तो आतल्या जागेत बसेना, तेव्हा त्याने तो बाहेर काढून चौकटीला तारेने घट्ट बांधला, वायर जोडली आणि घासून घासून पॉइंट स्वच्छ केले. ॲमीटरचा काटा मध्यावर आणून भावाने किक मारली आणि बाबांच्या पहाटेचा तो ओळखीचा आवाज धक्क्यावर घुमला. मिस्त्रीने मजुरीचे दीडशे रुपये मागितले. मी पाचशेची नोट पुढे केली, तर त्याने उरलेले साडेतीनशे मोजून परत दिले. कंडेन्सरचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “तो माझ्याकडे नुसताच पडला होता.”

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे काही बिघडले नाही. जयगड, रत्नागिरी, जैतापूर, देवगड करीत रात्री मालवणला मुक्काम, आणि शुक्रवारी वेंगुर्ले, शिरोडे, आरोंदामार्गे गोव्यात. सायलेन्सरचा एक बोल्ट वाटेत पडला, तेथे तार आली. वाटेत मला भावाने गाडी चालवायला दिली. मागे बसून तो दर वळणापूर्वी माझ्या कानात ओरडे, “ब्रेक डावीकडे!”

जुन्या गोव्यात रांग मोठी होती. सोहळ्यासाठी संताचे पवित्र अवशेष बॉम जेझू बॅसिलिकातून से कॅथेड्रलमध्ये आणलेले होते. ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरलेल्या आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर देह ठेवलेल्या या माणसाने दहा वर्षांत किती वाटा तुडवल्या! आपल्या वसईलाही त्याचे पाय लागले. रांगेत मी भावाला त्याची एक गोष्ट सांगितली. आपल्या सोबत्यांची पत्रे आली, की त्यांतल्या त्यांच्या हातच्या सह्या तो कापून घेई आणि आपल्या अंगावर, छातीशी बाळगी. देवाच्या हाकेला ओ देऊन तो त्यांच्यापासून हजारो मैल दूर गेला, पण दूर राहिलेल्यांचे हात त्याने विसरू दिले नाहीत. भाऊ नुसता ‘हं’ म्हणाला. काचेच्या पेटीपुढे आम्ही दोघे एकत्र उभे राहिलो. त्याच्या मुठीत बुलेटची किल्ली होती. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “झालं बाबांचं.” मी म्हणालो, “हो.”

रविवारच्या मिस्साला मला पोहोचायचे होते, म्हणून मी करमळी स्थानकावरून रात्रीची रेल्वे धरली. भाऊ महामार्गाने एकटाच निघाला. रविवारी, आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावून मी वस्त्रागारात परतलो, तेव्हा दूरध्वनी वाजला. “दादा, पोहोचलो. चिपळूणजवळ एक पंक्चर झालं. या वेळी ट्यूब कुणी चिमटली नाही.”

वाचकहो, हा प्रवास लिहिण्याचे कारण प्रवास नव्हे. पापनिवेदनानंतर क्षमा मिळते, पण दुसऱ्याचे जे हिरावले ते परत करण्याची जबाबदारी उरतेच, असे आपली ख्रिस्तसभा शिकवते. चोरी एकांतात झाली तर परतफेड एकांतात चालेल. मी घेतले ते भरल्या चर्चमध्ये, ध्वनिक्षेपकावरून घेतले. त्या दिवशी तेथे असलेल्यांपैकी अनेक कुटुंबे हे त्रैमासिक वाचतात. म्हणून २०१९ च्या त्या प्रवचनातला ‘आम्ही’ हा शब्द मी येथे मागे घेतो. बाबांची सेवा माझ्या धाकट्या भावाने आणि त्याच्या पत्नीने केली. मी भेटायला जात असे.

हे छापण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवले आणि परवानगी मागितली. तो म्हणाला, “छाप. पण पंक्चरचं सगळं खरं राहू दे.” ते राहू दिले आहे.

गाडीला नवा कंडेन्सर मिळाला आहे, पण तवसाळचा तो तारेने बांधलेला जुना अजून ठीक चालतो, म्हणून भावाने बदललेला नाही. नवा त्याने हत्यारांच्या पिशवीत ठेवला आहे. सोमवारी मी आता संध्याकाळी घरी जातो आणि मंगळवारी सकाळी निघतो. आईला रात्री दोनदा उठावे लागते. सोमवारच्या रात्री तिला हात देण्याची पाळी माझी असते.